शेवटच्या आठ किलोमीटरचे टायर

कळंबोलीत गाडीचे टायर बदलायचे म्हटले की सल्ल्याला तोटा नाही. पोलाद बाजारात ट्रकांची रांग, महामार्गालगत टायरची दुकाने आणि प्रत्येक इमारतीत एखादा तरी मुरलेला ड्रायव्हर. त्यातला निम्मा सल्ला ट्रकचा असतो, तो कारला लावला जातो. उरलेला जीप-थारच्या व्हिडिओंतून आलेला असतो.

इथल्या गाड्यांचे वर्षही जरा वेगळेच जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीतूनच सुरू होतो. गोव्याचा रस्ता जवळच पळस्पे फाट्याला वळतो. माथाडी कामगारांची बरीच घरे मूळची सातारा-सांगलीकडची, बाकी कित्येकांचे गाव कोकणात. म्हणजे यात्रेला, गणपतीला, शिमग्याला गाडी गावी जाणारच. दोनशे किलोमीटर काँक्रीट आणि डांबर, मग फाट्यापासून आत पाच-आठ किलोमीटर उखडलेली खडी, मुरूम, चिखल. पनवेल तालुक्यातच मालडुंगे-धोदाणीच्या बाजूला वाडीवस्तीत जाणाऱ्यांना हे अंतर आणखी जवळ भेटते. टायर निवडताना सगळे त्या शेवटच्या टप्प्याचाच विचार करतात, आणि नेमका तोच चुकीचा करतात.

‘रुंद टायर टाक, खड्ड्यात गाडी बसणार नाही’

हा सर्वांत लाडका गैरसमज. खड्ड्यात टायर वाचवते ती रुंदी नव्हे, बाजूच्या भिंतीची उंची. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. त्यात १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, १४ हा रिमचा व्यास इंचात. मारुती स्विफ्टच्या स्वस्त आवृत्त्यांना हेच माप येत असे आणि महागड्यांना १८५/६५ आर १५. हिशेब करून पाहा. पहिल्याची भिंत १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. बलेनोच्या वरच्या आवृत्तीला १९५/५५ आर १६ येतो, त्याची भिंत १०७. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे गाडी उंच होत नाही, फक्त रबराची आणि हवेची जागा लोखंड किंवा अलॉय घेते.

खड्ड्याची धार लागली की टायर दबतो आणि रिमच्या कडेपर्यंत चेपला जातो. भिंत बुटकी असेल तर मधले अंतर लवकर संपते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरला इलाज नाही, तो काढायचाच. म्हणून गावाकडचा प्रवास जास्त असेल तर महागड्या आवृत्तीला कंपनीनेच खालच्या आवृत्तीसाठी मान्य केलेले लहान रिमचे माप घेणे हा शहाणपणाचा सौदा असतो. आधी ते रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, एवढे पाहून घ्यावे. सोबत साधे लोखंडी रिम आले तर उत्तमच. ते वाकते आणि ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. दिसायला कमी, हे मान्य.

चिखलात रुंद टायर चांगला हेही अर्धवट खरे आहे. वाळूत, किनाऱ्यावर तो तरंगून जातो. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला भिडतो. महामार्गावर साचलेल्या पाण्यातही तोच फरक: रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो आणि स्टिअरिंग हलके पडते.

‘ए/टी टायर टाकले की काळजी मिटली’

ए/टी म्हणजे ऑल टेरेन, मोठमोठ्या गोट्यांच्या नक्षीचा टायर. याहून दांडगा एम/टी, म्हणजे चिखलासाठी. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ यांना हे शोभतात आणि ज्याची बोलेरो रोज खडीच्या खाणीत जाते त्याला ए/टी घ्यावाच. त्याचे रबर कापले जाण्याला जास्त टिकते आणि नक्षीत अडकलेली खडी बाहेर टाकण्याची सोय बऱ्याच टायरांत असते. पण किंमतही मोजावी लागते. काँक्रीटवर घरघर वाढते, इंधन जास्त जाते आणि पावसाळी डांबरावर ब्रेकचे अंतर साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा सहसा लांबते. वर्षाचे नव्वद टक्के किलोमीटर द्रुतगती मार्गावर असतील तर हा व्यवहार तोट्याचा. आणि स्विफ्ट, वॅगन आरच्या मापात ए/टी सहसा मिळतच नाहीत, तेव्हा हळहळण्याचे कारण नाही.

साताऱ्याकडच्या माण-खटावच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. पाऊस पडलेली काळी माती नक्षीत भरून बसली की ए/टीसुद्धा गुळगुळीत झालेल्या टायरसारखाच घसरतो. इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळणाऱ्या गाडीला तिथे टायरने नव्हे, गाडी डांबरावर उभी करून चालत गेल्यानेच तारले जाते.

बोलेरोवाल्यांचा आणखी एक छंद आहे. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकायचे. चाकाचा व्यास सुमारे ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त. काट्यावर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा चार किलोमीटरने अधिक वेगात असते. कंपन्या काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतात, ती सवलत इथे खर्च होते. द्रुतगती मार्गावर कारला १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे लावलेले आहेत. गिअरही उंच पडतो, त्यामुळे घाटात इंजिन दमते.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल’

हा सल्ला ऐकून कितीतरी टायर फुटले असतील. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निघते आणि वेग सलग राहिला की रबर व धाग्यांची पकड सुटते. ‘काँक्रीटमुळे टायर फुटतात’ ही तक्रारही बरीचशी इथेच येऊन थांबते. काँक्रीट तापते हे खरे, पण फुटलेल्या टायरमागे बहुतेक वेळा कमी हवा, जास्त बोजा, म्हातारे रबर आणि तासन्‌तास एकसारखा वेग यांची मिळून कारवाई असते.

साधारण पाच-सहा अंश तापमान वाढले की टायरातला दाब एक पौंडाने वाढतो. धावून आलेल्या गाडीत चार-पाच पौंड जास्त दिसणे हा टायरच्या रचनेत धरलेला हिशेब आहे. ती ‘जादा’ हवा पंपावर काढून टाकली की सकाळी गार टायर तेवढाच कमी भरतो. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. आकडा दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर असतो. टायरवर कोरलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. पट्टीवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर येताना तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या डिकीत असतात तेव्हा तोच पाळावा.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

बोज्याचा आकडाही कुणी पाहत नाही. मापापुढे ‘८५ टी’ किंवा ‘८८ एच’ असते. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. टी ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच २१० पर्यंत. नवा टायर मूळ आकड्यापेक्षा खालचा घेऊ नये, दुकानदार कितीही स्वस्त देवो.

ट्रकवाल्यांचा सल्ला

‘रिमोल्ड टाक, आम्ही तेच वापरतो.’ ते खरे सांगतात, पण ट्रकपुरते. ट्रकच्या टायरचा सांगाडाच पुन्हा रबर चढवण्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. कारचा तसा नसतो आणि त्याला वेगही जास्त झेलायचा असतो.

ट्यूबलेस टायरात ट्यूब घालून देणारेही भेटतात, विशेषतः रिम वाकल्यावर. ‘गावच्या रस्त्याला ट्यूबच बरी.’ ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, पुढच्या दुकानापर्यंत पोहोचता येते. ट्यूब एकदम बसते, शिवाय ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापतात. अडल्या वेळी घातली तर हळू घरी या आणि काढून टाका.

दोनच नवे टायर घेतले तर ते कुठे? ‘पुढची चाकं ओढतात, म्हणून पुढे’ असे दहातले नऊ जण सांगतील. नवे मागे टाकावेत. ओल्या वळणावर पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी करून ती आवरता येते. मागची सुटली तर गाडी फिरते आणि ती आवरणे सराईतालाही जमत नाही.

‘नक्षी आहे तोवर टायर चालतो’

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी त्यासाठी छोटे उंचवटे असतात. कोकणच्या पावसाला मात्र मी १.६ ची वाट पाहणार नाही. तीन मिलिमीटर उरले की मे महिन्यातच बदलावेत, कारण पाणी बाजूला सारण्याचे काम खाचांची खोलीच करते.

उलटही घडते. घरापुढे उभ्या राहणाऱ्या, वर्षातून चार-पाचदाच गावी जाणाऱ्या गाडीची नक्षी छान दिसते आणि रबर आतून वाळलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे, दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढावा, असे बऱ्याच कंपन्या सांगतात. खरेदीच्या वेळीही हे आकडे पाहा. ‘नवाकोरा’ टायर दोन-तीन वर्षे गोदामात असू शकतो.

हाच आकडा स्टेपनीवर पाहायचा राहून जातो. २०२० च्या दुरुस्तीनुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. शहरात ठीक आहे. पण तो संच तळव्यातल्या बारीक भोकापुरता असतो, खडीच्या धारेने भिंत चिरली तर काही उपयोग नाही. काही गाड्यांना बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा असते आणि खडबडीत वाटेवर ती लवकर आपटते. गाव आत असेल तर पाचवा टायर चारांच्याच मापाचा घ्यावा आणि डिकीतला जॅक मऊ मातीत खचू नये म्हणून खाली ठेवायला फळीचा एक तुकडाही टाकून ठेवावा.