दुसऱ्या प्रतीचे महत्त्व

दिनांक २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळाने कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील असंख्य पुस्तके पाण्यात बुडाली. ज्या पुस्तकाची प्रत अन्यत्र असते, त्याचा मजकूर वाचतो. एकमेव प्रत गेली की तो कायमचा नाहीसा होतो. संगणकातील माहितीसही हाच न्याय लागू पडतो. लिनक्स प्रणालीतील ‘क्रॉन’ ही आज्ञावली नेमलेल्या वेळी आपोआप काम सुरू करते. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘आरसिंक’ ही आज्ञावली दोन्ही प्रती ताडून केवळ बदललेला भाग जाळ्यावरून दूरच्या शहरातील संगणकाकडे धाडते. मात्र मूळ प्रतीतील चूकही तेथे पोहोचते; म्हणून तारीखवार जुन्या प्रती राखाव्यात. शिवाय प्रत पुन्हा उतरवून पाहिल्यावाचून ती सुरक्षित मानू नये.