लिंबू, संत्र्याची साल आणि बिनलेबलची डबी : घरगुती सौंदर्योपचारांतलं खरं-खोटं

मे महिन्याच्या दुपारी नंदनवनातल्या जगनाडे चौकातून दुचाकीवर जाणाऱ्या बहुतेक मुली-बायकांचे फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. नागपूरच्या उन्हाशी बायकांनी केलेली ही तडजोड शहाणपणाचीच आहे. घोळ होतो तो स्कार्फ सोडल्यावर, घरी. काळवंडलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळायचं की बेसन लावायचं, की शेजारणीनं सांगितलेली क्रीम आणायची? यातल्या नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : स्कार्फ बांधला की सनस्क्रीनची गरज नाही.

वस्तुस्थिती : २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण त्वचेवर काळेपणा आणते ती उष्णतेपेक्षा अतिनील किरणं. मेच्या अखेरीस नागपुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा वेळी विरळ, फिक्या सुती कापडातून बरीच किरणं आत शिरतात. दाट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ जास्त अडवतो. त्याच्या आत एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. ते नीट लावलं तर उन्हाळी जळजळ करणारी सुमारे ९७ टक्के किरणं थोपवतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यावं आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. ज्यांना वांग आहेत त्यांनी हे पावसाळ्यातही सोडू नये. ढगांतूनही किरणं येतात.

गैरसमज : लिंबू-सोडा लावला की टॅन निघतो.

वस्तुस्थिती : निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. लिंबाचा रस २ च्या जवळ आणि खायचा सोडा ८ च्या वर. दोन्ही टोकं त्वचेचं वरचं संरक्षक आवरण बिघडवतात. शिवाय लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे महिनोन्महिने टिकणारे तपकिरी डाग राहतात. म्हणजे जो काळेपणा घालवायला निघालो, तोच वाढवून ठेवतो. लिंबू सरबतात घालावं.

गैरसमज : संत्र्याच्या सालीची पूड म्हणजे घरचं व्हिटॅमिन सी सीरम.

वस्तुस्थिती : नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या सालीला औषधाचा दर्जा मिळालेला नाही. उन्हात वाळवताना व्हिटॅमिन सी बरंचसं नष्ट होतं आणि उरलेलं कोरड्या पुडीतून त्वचेत मुरत नाही. फवारणीचे अंश असतात ते सालीवरच. बारीक दळलेली, चाळलेली पूड दह्यात कालवून आठवड्यातून एकदा हलक्या हातानं लावली तर तेलकटपणा आणि मळ निघतो. काम तेवढंच. मुरमांवर जाड पूड घासली तर ती फुटतात, डाग राहतात. बेसन, मुलतानी माती आणि दिवाळीचं उटणं यांनाही हाच हिशेब लागू आहे. ती स्वच्छ करतात, रंग बदलत नाहीत. कोरड्या त्वचेला मुलतानी माती आणखी कोरडं करते.

गैरसमज : क्रीमनं आठवड्यात उजळलं म्हणजे क्रीम चांगली.

वस्तुस्थिती : सगळ्यांत मोठा धोका इथे आहे, स्वयंपाकघरात नाही. इतक्या झटपट उजळणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड किंवा पारा असतो. स्टेरॉइडनं आधी चेहरा नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमं आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवली की आग होते. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. नायट्यावर लावली तर खाज दबते आणि बुरशी पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या अशा चौदा स्टेरॉइड औषधांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी मैत्रिणीची ट्यूब हातोहात फिरतेच.

पाऱ्याचं प्रकरण विदर्भातच घडलं आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं समोर आलं. त्यांच्या वापरातली, स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली गेली, तेव्हा तिच्यात पारा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा भारतात दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे. पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, त्यामुळे उजळपणा खरा वाटतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. पायावर सूज आणि लघवीला फेस ही त्याची लक्षणं.

गैरसमज : रोज तेल लावलं की केस गळत नाहीत आणि कोंडाही जातो.

वस्तुस्थिती : खोबरेल तेलाचा उपयोग आहे, पण केसाच्या दांड्याला. २००३ मध्ये मुंबईतल्या मारिको कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल तेलानं केसातली प्रथिनं कमी झिजतात. सूर्यफूल तेल आणि खनिज तेलानं तसं होत नाही. कंपनी खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे, कारण या तेलाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. म्हणून धुण्याआधी तासभर लावणं पुरे. कोंडा मात्र टाळूवर राहणाऱ्या यीस्टमुळे होतो आणि तिचं खाद्य तेलच असतं.

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे. बाळंतपणानंतर किंवा डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. गळती थांबतच नसेल तर तेलाची बाटली बदलण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासा.

गैरसमज : काळी मेंदी नैसर्गिक असते.

वस्तुस्थिती : मेंदीचा रंग तांबूसच येतो. तासाभरात केस काळेभोर करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. त्याची अ‍ॅलर्जी आली तर टाळूला खाज सुटते, पापण्या सुजतात आणि ती अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. पाकीट वाचा, आणि लावण्याच्या दोन दिवस आधी कानामागे थोडं लावून पाहा.

घरच्या घरी करण्यासारखं थोडकंच आहे : सौम्य साबण, ओलावा टिकवणारं साधं क्रीम, ऊन अडवणं, अधूनमधून उटणं आणि धुण्याआधी तेल. वांग, न थांबणारी मुरमं, नायटा हे आजार आहेत. त्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या, चर्मरोग विभागाची ओपीडी नंदनवनपासून लांब नाही. जाताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब आणि डबी सोबत न्या. आणि ज्या डबीवर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नाही, ती कुणीही दिली असली तरी चेहऱ्याला लावू नका.