मिरजेचं इथेनॉल, मिरजेचं पाणी



इकडे अमेरिकेत गाडीत गॅस भरताना पंपावरचं "१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल" हे स्टिकर आपण वाचूनही वाचत नाही. भारतात मात्र २०२५ मध्ये इ-२० वरून बराच गदारोळ झाला. घरी फोन केला की हमखास ऐकू यायचं, "गाडीचं ॲव्हरेज पडलं रे!"

तक्रार अगदीच खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. इ-२० वर जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पण हे प्रश्न सुटणारे आहेत. ब्राझीलने १९७५ मध्ये सुरुवात केली आणि २००३ पासून तिथे कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या मिळू लागल्या.

फायदेही खरे आहेत. भारत ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यातलं थोडं तरी वाचतं. साखरेचे भाव पडले की कारखाने उसाचं बिल थकवतात, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना मी सांगायला नको. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात दुसरा पैसा येतो.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते पाण्यात.

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले. तीन ठिकाणं निवडली होती: उत्तर प्रदेशात बरेली आणि आपल्याकडे मनमाड व मिरज. तेच मिरज पुढे एप्रिल २०१६ मध्ये बातम्यांत आलं ते पाण्यासाठी. दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि पाणी होतं ५ लाख लिटर. आणि लातूर हा काही ऊस न पिकवणारा जिल्हा नव्हे!

आता थोडं गणित करू. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही नीती आयोगाच्याच अहवालातला. म्हणजे त्या अख्ख्या गाडीच्या पाण्यात १७५ लिटर इथेनॉल. जेमतेम चार मोटारींच्या टाक्या!

ब्राझीलचं उदाहरण देताना आपण नेमकं हेच विसरतो. साओ पावलोचा ऊस बहुतांशी पावसावर वाढतो, आयोवातला मकाही तसाच. आपला ऊस कालव्याच्या नि विहिरीच्या पाण्यावर उभा असतो. मळीपासून केलेल्या इथेनॉलबद्दल माझं काही म्हणणं नाही. साखर केल्यावर मळी उरतेच. पण इथेनॉलसाठी म्हणून थेट रस वळवायचा आणि त्यासाठी उसाचं क्षेत्र वाढवायचं, हा वेगळा हिशेब झाला.

पावसाने ओढ दिली की हा डोलारा कसा हलतो, तेही दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आधी मनाई केली, मग मर्यादा घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. मधल्या काळात कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांनी हप्ते कसे भरले असतील, कल्पना करा.

आता मका आणि तुकडा तांदूळही वापरतात, पण तिथे जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याशी स्पर्धा आहे. अमेरिकेतही एक तृतीयांशाहून अधिक मका इथेनॉलला जातो, आणि "अन्न की इंधन" हा वाद इथे संपलेला नाही. काडीकचऱ्यापासून इथेनॉल हा मार्ग मला जास्त पटतो. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, पण असा कच्चा माल शेतोशेती गोळा करणं आणि त्यातली साखर मोकळी करणं, दोन्ही खर्चिक.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर ॲव्हरेजचा विषय निघाला, तर गावच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं, तेही जरूर विचारा.