वार्धक्यातील दंतनाश आणि मधुमेह : आपले कर्तव्य

उतारवयात दात पडणे हा वयाचा धर्म, असे मानून आपण तो विषय दंतवैद्यांवर सोपवतो. परंतु दंतविकार व प्रमेह यांचा संबंध संहिताकारांना अपरिचित नव्हता. प्रमेहाच्या पूर्वरूपांत सुश्रुताचार्यांनी टाळू, गळा, जिव्हा व दात यांवर मलसंचय सांगितला आहे. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायातील दंतवेष्टात हिरड्यांतून पू व रक्त येते आणि दात हलू लागतात. हे वर्णन आजच्या पेरिओडोंटायटिसशी बरेच जुळते.

हा संबंध दुहेरी आहे. रक्तशर्करा अनियंत्रित राहिल्यास हिरड्यांची संसर्गाशी झुंजण्याची शक्ती घटते व दाताभोवतीचे अस्थी झिजते. उलट, हिरड्यांतील दीर्घकालीन शोथ इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतो. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचे एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. दात पडल्यामुळेच मधुमेह होतो, असा निष्कर्ष मात्र काढू नये. तंबाखूसारखी कारणे दोहोंच्या मुळाशी असतात.

दात गेल्यानंतरचा आहारबदल अधिक दुर्लक्षित आहे. डोंबिवलीतील आमच्या रुग्णांत हा क्रम वारंवार दिसतो. प्रथम भाकरी सुटते, मग कोशिंबीर, उसळ व शेंगदाणे. त्यांची जागा चहात बुडवलेली खारी, बिस्किटे, मऊ भात व साबुदाणा घेतात. तंतू व प्रथिने घटतात, जेवणानंतरची साखर वाढते, मांसधातू क्षीण होतो. अशा रुग्णास केवळ दीपन-पाचन देऊन अग्नी कसा सुधारावा? म्हणूनच जपानने १९८९ साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ हे उद्दिष्ट ठेवले.

चिकित्सकांनी साठीपुढील प्रत्येक मधुमेहीचे तोंड उघडून पाहावे. हिरड्यांतून रक्त येते का, दात हलतो का, कोणते अन्न सोडले, हे तीन प्रश्न विचारावेत. तिलतैलाचा गंडूष व खदिर, करंज, निंब यांचे दंतधावन जरूर सांगावे. पण साचलेले कीटण व हिरड्यांतील पू यांसाठी दंतवैद्याकडे पाठवणे अनिवार्य आहे. दात काढण्याच्या दिवशी रुग्ण साखरेची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीप्रमाणे घेतो, पण जेवू शकत नाही. त्यातून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रेविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. आहारात मुगाचे कढण, ताक, शिजवून घोटलेल्या भाज्या व मऊ उसळ सुचवावी. कवळी सैल असल्यास ती दुरुस्त करून घेण्यास सांगावे.

औषधविक्रेत्यांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चूर्ण चघळवत नाही म्हणून अवलेह मागणाऱ्या वृद्धास मधुमेह आहे का, हे विचारल्याशिवाय साखर-गुळाचा कल्प देऊ नये. दुसरे मंजनाविषयी. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ साली बंदी केली, तरी मशेरीची सवय घराघरांत टिकून आहे. दुकानात आलेल्या आजींना त्याबद्दल आपुलकीने बोलणारा विक्रेता चिकित्सेचे निम्मे काम करतो.

दंतरक्षण हे प्रमेहचिकित्सेचे अंग आहे. केसपेपरवर नाडी व जिव्हेच्या नोंदीशेजारी दातांच्या संख्येची नोंदही आपण सर्वांनी सुरू करावी, अशी विनंती आहे.