दूधसागर: बेत धबधब्याचा नव्हे, ओढ्यांचा

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या ट्रेक ग्रुपांवर गोव्यातल्या दूधसागरचे फोटो फिरायला लागतात. सुमारे 310 मीटरवरून चार टप्प्यांत उतरणारं पाणी, मधे कमानींचा रेल्वे पूल आणि पुलावरून चाललेली गाडी. 2013 च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’नं ते दृश्य घरोघरी नेलं. तिथे जायचं कसं, याची माहिती मात्र अजून ऐकीवच असते, आणि त्यातली काही जिवावर बेतणारी आहे.

‘कुळे स्टेशनवर उतरायचं आणि रुळांच्या कडेनं चालत सुटायचं.’ पूर्वी लोक असेच जात. पण कुळे ते कॅसलरॉक हा घाट 1 : 37 चढाचा, बोगद्यांचा आणि मालगाड्यांच्या सततच्या वर्दळीचा आहे. पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै 2023 मध्ये रुळांवर सापडलेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. जो आयोजक ‘आपण ट्रॅकवरूनच जातो, काही होत नाही’ म्हणतो, त्याचा नंबर तिथेच पुसून टाकावा.

‘धबधबा पाहावा तर भर जुलैत.’ जुलैत पाणी अफाट असतं हे खरं, पण अनेकदा ते धुक्यात असतं. कुळ्याहून जंगलातून जाणाऱ्या वनखात्याच्या परवानगीच्या जीप पावसाळ्यात बंद असतात, कारण त्यांच्या वाटेत नदीचे प्रवाह ओलांडावे लागतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भरपूर, आकाश मोकळं, आणि धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाता येतं. हा सगळा भाग मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यात येतो, त्यामुळे पावसाळी पदभ्रमणाला परवानगी आहे की नाही ते वनखातं ठरवतं. जुलै 2023 मध्ये मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला गोव्यात बंदी आली होती. म्हणून गेल्या वर्षी कोण गेलं होतं हे विचारण्यात अर्थ नाही. मोलेच्या वनकार्यालयात यंदाचं विचारा.

‘इथे पाऊस नाही, म्हणजे ओढा सुरक्षित.’ सगळ्यात घातक समज हाच. दूधसागरचं पाणलोट क्षेत्र घाटमाथ्यावर, कर्नाटकाच्या बाजूला आहे. कॅसलरॉककडे ढग कोसळत असताना खाली कुळ्याच्या बाजूला ऊन असू शकतं, आणि तासाभरापूर्वी घोट्याएवढा असलेला ओहोळ परतताना कमरेला लागू शकतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते.

पाणी वाढण्याआधी खुणा देतं. नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी जाणवलं तरी काठावर चढायचं, फोटो राहिला तरी. वेगाच्या पाण्याला पाय उचलायला पाऊण-एक वीत खोलीही पुरते. ओलांडायचंच असेल तर तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात काठी, आणि सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडलेले, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. दोर कमरेला बांधून ओलांडणं लोकांना फार सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात ताणलेला दोर पडलेल्या माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. दोर हातात धरायचा, अंगाला बांधायचा नाही.

‘मला पोहता येतं.’ धबधब्याखालच्या पांढऱ्या पाण्यात निम्मी हवाच असते. सोड्याच्या फेसासारखं ते पाणी अंग तोलून धरत नाही, हात मारले तरी पकड मिळत नाही, आणि वरून पडणारा झोत पुन्हा आत ओढतो. दूधसागरला लाइफ जॅकेट सक्तीचं आहे ते उगीच नव्हे.

‘वर्षावन म्हणजे सगळीकडे हिरवा अंधार.’ मोलेचं जंगल मिश्र आहे. उतारांवर माट्टी, किंदळ अशी पानगळीची झाडं, आणि ओहोळांच्या घळींत दाट सदाहरित पट्टे. चिकट ओलावा या घळींत. वाऱ्याअभावी घाम वाळत नाही आणि पावसात तहान जाणवत नाही, म्हणून पाणी घड्याळ पाहून प्यावं.

जळवांची भीती मात्र उगाच वाढवलेली आहे. जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून ती निघाल्यावरही जखम बराच वेळ वाहते. पायमोजा लाल झालेला पाहून माणसं घाबरतात ती यामुळे. मीठ-तंबाखूची गरज नसते. तिच्या निमुळत्या टोकाशी नख कातडीला टेकवून सरकवलं की तोंड सुटतं, मग मागचं टोक. जखम धुवून दाबून धरायची. बस्स.

सापांचं तसं नाही. ओढ्याकाठच्या फांदीवर चापडा हिरव्यात हिरवा होऊन बसतो, आणि आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी बनवलेलं असतं, चापड्यासाठी नाही. त्यामुळे आधाराला फांदी धरण्याआधी ती पाहा. दंश झालाच तर आवळपट्टी नको, चिरणं-चोखणं नको. तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय.

‘लीडर बरोबर आहे, मग वाटाड्या कशाला?’ चाळीस जणांची बस घेऊन आलेल्या शहरी लीडरला वाट जीपीएसवर दिसते, काल रात्री ओढ्याला किती पाणी होतं ते दिसत नाही. ते कुळ्याच्या माणसाला ठाऊक असतं. पैसे भरण्याआधी विचारा: किती जणांमागे एक वाटाड्या, सगळ्यांच्या मागे कोण चालणार, किती वाजता काहीही झालं तरी परत फिरणार. झाडीत पावसाळी संध्याकाळ पाचच्या सुमारासच उतरते. आणि वाटाड्याचे पैसे आधीच पूर्ण ठरवा, धबधबा दिसो वा न दिसो. ‘पोचलो तरच पैसे’ असा व्यवहार असेल, तर वाढत्या पाण्याकडे पाहून ‘फिरा मागे’ म्हणणं त्याला परवडत नाही.