भूकंप आला, की नुसता बोलण्यात आला?

एक गंमत सांगू? भूकंपाचा धक्का जमिनीतून सेकंदाला साधारण ३ ते ७ किलोमीटर वेगानं पळतो. वेग काही कमी नाही, पण १०० किलोमीटरवरच्या गावी पोचायला त्यालाही पंधरा-वीस सेकंद तरी लागतात. तेवढ्यात इंटरनेटवरचा संदेश कुठल्या कुठे जातो! काचेच्या तंतूंमधून तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे भूकंपाच्या जवळ राहणाऱ्या कुणी झटकन ‘हललं!’ असं लिहिलं, तर लांबच्या माणसाला ते आधी वाचायला मिळेल आणि त्याची खुर्ची मागाहून हलेल.

हे नुसतं गणित नाही बरं का. २३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा शेकडो किलोमीटर लांब न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या काही जणांनी आधी ट्विटरवर भूकंपाची बातमी वाचली आणि मग त्यांना हादरा जाणवला. (ट्विटर म्हणजे आताचं एक्स.)

पण जगभरातून दर सेकंदाला हजारो संदेश येऊन पडतात. त्यातले कामाचे कोण वेचणार? माणसानं वाचायला घेतले तर भूकंप होऊन जाईल, पंचनामाही होईल, तरी वाचन संपायचं नाही. हे काम संगणकाचंच.

टोकियो विद्यापीठातल्या ताकेशी साकाकी, माकोतो ओकाझाकी आणि युताका मात्सुओ या तिघांनी ते करून बघितलं आणि २०१० मध्ये जगापुढे मांडलं. जपानच का? तिथे भूकंप वरचेवर होतात आणि ट्विटरवर लिहिणारेही भरपूर. त्यांनी ठरवलं, की ट्विटरवरचा प्रत्येक माणूस म्हणजे एक सेन्सर समजायचा. हा सेन्सर चालतो, बोलतो, झोपतो आणि कधी कधी थापाही मारतो!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? ‘भूकंप’ हा शब्द दिसला की घंटा वाजवायची!

असं? मग ही वाक्यं बघा :

‘मी भूकंपावरच्या परिषदेला आलोय.’
‘आज शाळेत भूकंपाचा धडा शिकवला.’
‘राजकारणात मोठा भूकंप!’

तिन्ही वाक्यांत भूकंप आहे, पण घरातली एक वाटीसुद्धा हललेली नाही. उलट, खरंच जमीन हलत असताना कुणी ‘अरे, हलतंय!’ एवढंच लिहिलं, तर त्यात भूकंप हा शब्दच नाही. तुम्हाला आम्हाला हे लगेच कळतं. संगणकाला मात्र शब्द म्हणजे नुसती अक्षरांची माळ.

मग त्या तिघांनी संगणकाची शिकवणी घेतली. भूकंप खरोखर जाणवला म्हणून लिहिलेले ५९७ संदेश त्यांनी नमुन्यादाखल निवडले. संगणकाला सांगितलं, ‘हे खरे. आता या खऱ्यांमध्ये आणि बाकीच्यांमध्ये फरक काय, ते तू शोध.’ बघायच्या गोष्टी तीन. पहिली, संदेशात शब्द किती आणि भूकंपाचा शब्द कितव्या जागी. दुसरी, संदेशात कोणकोणते शब्द आहेत. तिसरी, भूकंपाच्या शब्दाच्या अलीकडे-पलीकडे कोणते शब्द आहेत.

यातली कुठली गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली असेल? क्षणभर थांबा आणि अंदाज करा.

पहिली! संदेशाची लांबी आणि शब्दाची जागा. बाकीच्या दोन गोष्टींनी फारसा फरक पडला नाही. कारणही तिथल्या तिथे सापडलं. पायाखालची जमीन हलायला लागल्यावर कुणी निबंध लिहीत नाही. माणूस दचकतो, एक-दोन शब्द टाइप करतो आणि टेबलाखाली शिरतो. भूकंपाबद्दल ऐसपैस लिहायचं असेल, तर आधी निवांत बसलेलं असावं लागतं!

तिकडे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेलाही हेच आढळलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी सोपी चाळणी लावली. सातपेक्षा जास्त शब्द असले, संदेश बाद. संदेशात लिंक असली, बाद. आकडा असला, तरीही बाद. आकडा का बरं? कारण ‘६.० तीव्रतेचा भूकंप’ असं लिहिणाऱ्यानं ते बातमीत वाचलेलं असतं. घर हलत असताना तीव्रता कुणाला ठाऊक असते? उरले ते ‘भूकंप??’ अशा थाटाचे दचकलेले संदेश. २४ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे कॅलिफोर्नियात नापाजवळ भूकंप झाला, तेव्हा या पद्धतीनं तो अवघ्या २९ सेकंदांत पकडला.

तरी एक शंका उरतेच. एखाद्यानं मुद्दाम ‘भूकंप!’ लिहून मजा केली तर? म्हणून यंत्र एका संदेशावर कधीच विसंबत नाही. वर्गात एक जण ‘पाल!’ म्हणून ओरडला तर तो वात्रटपणा असू शकतो, पण एकाच वेळी पंधरा जण बाकांवर चढले तर पाल असणारच. एकाच भागातून, एकाच मिनिटात, एकमेकांना न ओळखणारी माणसं तेच लिहू लागली, की थापेची शक्यता भराभर कमी होते.

जपानी यंत्रणेची परीक्षाही झाली. जपानमध्ये हादऱ्याचा जोर मोजायची ‘शिंदो’ नावाची एक पट्टी आहे. शिंदो ३ म्हणजे घरातल्या बहुतेकांना जाणवेल आणि कपाटातल्या बश्या किणकिणतील इतपत हादरा. अशा किंवा त्याहून जोरदार भूकंपांपैकी ९६ टक्के या यंत्रणेनं नुसते संदेश वाचून ओळखले. नाव नोंदवलेल्यांना ती ई-मेल पाठवायची. तो बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत यायचा, कधी कधी तर वीस सेकंदांत! जपानमध्ये भूकंपाची खबर हवामान संस्था देते. तिची घोषणा प्रसारित व्हायला तेव्हा सरासरी सहा मिनिटं लागायची.

मग भूकंपमापक यंत्रं भंगारात काढायची का? मुळीच नाही! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मधल्या पाच महिन्यांचे संदेश तपासले. त्यांत जगभरचे ४८ भूकंप सापडले आणि खोटी घंटा फक्त दोनदा वाजली. शाबास! पण त्याच काळात त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वहीत नोंदलेले भूकंप होते ५,१७५. बाकीचे लोकांना जाणवले नाहीत, नाहीतर जिथे झाले तिथे लिहिणारं कुणी नव्हतं. समुद्रात मासे असतात, पण मासे ट्विटरवर नसतात! म्हणूनच भूकंपाचं केंद्र समुद्रात असलं, की जपानी यंत्रणेचाही जागेचा अंदाज चुकायचा. शिवाय नुसत्या संदेशांवरून तीव्रता नेमकी सांगता येत नाही. आणि हे भविष्य सांगणारं यंत्र नव्हे. भूकंप झाल्यावरच ते जागं होतं. जिथे भूकंपमापकं विरळ आहेत, तिथे मात्र पहिली खबर द्यायला ते फार उपयोगी.

संगणकाला आपली मराठी कळते का? शिकवणी चालू आहे! पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटानं २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट गोळा केले. प्रत्येकावर खूण केली, की लिहिणाऱ्याचा सूर चांगला आहे, वाईट आहे, की ना धड चांगला ना वाईट. अशा खुणा केलेल्या वाक्यांवरच संगणक शिकतो. पण कुणी उशिरा आलेल्या मित्राला ‘वा, काय लवकर आलास!’ म्हटलं, तर ते कौतुक नाही हे त्याला कसं समजावणार? मराठी माणसाचा टोमणा पचवणं सोपं नाही हो.

आता तुमची पाळी. समजा, तुम्हाला पाऊस ओळखणारं यंत्र बनवायचंय. खाली पाच संदेश दिले आहेत. खरंच पाऊस पडत असताना लिहिलेले कोणते?

१. आला आला! कपडे काढा!
२. वानखेडेवर आज धावांचा पाऊस पडला.
३. पाऊस कधी येणार?
४. भिजलो रे!!
५. हवामान खात्यानं उद्या पावसाचा इशारा दिला आहे.

उत्तर सोपं आहे, नियम शोधणं अवघड. लांबीचा नियम लावलात तर तिसरा संदेश फसवेल. ‘पाऊस’ हाच शब्द शोधलात तर पहिला आणि चौथा हातचे जातील. वहीत तुमचे चार-पाच नियम लिहा. मग घरातल्यांना त्या नियमांना चकवतील अशी वाक्यं लिहायला सांगा. आजी आणि मामा यात फार तरबेज असतात, तेव्हा सावध! जिथे चकाल तिथे नियम दुरुस्त करा आणि पुन्हा खेळा.