‘कोटा क्विकी’ आणि अल्पखर्ची ब्रिटिश रहस्यपट

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील चित्रपटगृहांवर अमेरिकन चित्रपटांचे वर्चस्व निर्माण झाले. देशी चित्रपट-उद्योगास संरक्षण देण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये सिनेमॅटोग्राफ फिल्म्स कायदा संमत केला. त्यानुसार वितरक व चित्रपटगृहे यांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक हिस्सा राखणे बंधनकारक झाले. आरंभी अनुक्रमे ७.५ व ५ टक्के असलेला हा हिस्सा टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत वाढावयाचा होता. मात्र निर्मितीखर्चाची किमान मर्यादा कायद्याने घातली नव्हती. परिणामी अमेरिकन कंपन्यांचे वितरक फुटाला सुमारे एक पौंड दराने चित्रपट बनवून घेऊ लागले. घाईने तयार होणाऱ्या या चित्रपटांस ‘कोटा क्विकी’ हे नाव पडले.

अल्पखर्च आणि रहस्यकथा

या चित्रपटांत खुनाच्या रहस्यकथा वारंवार आढळतात. अशा कथेस मोजक्या खोल्या, थोडे नट आणि संवाद पुरेसे होतात. ‘खून कोणी केला?’ हा प्रश्न प्रेक्षकास खिळवून ठेवतो.

मायकेल पॉवेल यांचा ४८ मिनिटांचा ‘रायनॉक्स’ (१९३१) हे याचे उत्तम उदाहरण होय. फिलिप मॅकडोनल्ड यांच्या कादंबरीवर तो आधारित आहे. आर्थिक अडचणीतील कंपनीचा प्रमुख बेनेडिक यास मार्श नावाचा तऱ्हेवाईक इसम धमक्या देतो. पुढे बेनेडिक गोळी लागून मरतो आणि विम्याच्या रकमेने कंपनी सावरते. वस्तुतः मार्श अस्तित्वातच नसतो. बेनेडिकनेच ते सोंग घेऊन आत्महत्येस खुनाचे रूप दिलेले असते. दोन्ही रूपे स्टुअर्ट रोम यांनी साकारली आहेत. रहस्याचा भार वेशांतर व अभिनय यांवर असल्याने खर्चिक नेपथ्याची उणीव भासत नाही.

जतनाचा प्रश्न

१९३८ च्या कायद्याने किमान खर्चाची अट घातली. तथापि ‘निकृष्ट’ हा शिक्का कायम राहिला आणि अनेक चित्रपटांच्या प्रती जपल्या गेल्या नाहीत. पॉवेल यांचाच ‘टू क्राउडेड अवर्स’ (१९३१) हा गुन्हेपट हरवला असून, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये शोधावयाच्या ७५ चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला.

समारोप

कायद्याने लांबी मोजली, गुणवत्ता नव्हे. त्यामुळे बहुसंख्य ‘क्विकी’ सामान्य राहिले. परंतु ‘द रेड शूज’ (१९४८) देणारा दिग्दर्शक याच उमेदवारीतून घडला. म्हणूनच मूल्यमापन वर्गाचे नव्हे, तर प्रत्येक कलाकृतीचे व्हावयास हवे. आणि त्यासाठी ती आधी टिकावयास हवी.